‘मातेचे दुर्लक्ष’ हा शेरा

२००३ सालच्या पावसाळ्यात एका गृहभेटीच्या नोंदीत मी असे लिहिले होते: ‘मातेचे बालकाकडे दुर्लक्ष. समज दिली.’ एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून रुजू होऊन तेव्हा मला सहा वर्षे झाली होती, वीस-बावीस अंगणवाड्या माझ्या बीटमध्ये, म्हणजे देखरेखीच्या पट्ट्यात, होत्या आणि या पाच शब्दांत माझे काही चुकले आहे असे मला पुढची कितीतरी वर्षे वाटले नाही. निवृत्तीनंतर जुन्या डायऱ्या चाळताना ती नोंद पुन्हा समोर आली. ती जशीच्या तशी तिथेच ठेवून तिच्याभोवती जे लिहायचे राहून गेले ते आता लिहीत आहे.

गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले, ऊसतोडीला जाणाऱ्यांचे. नऊ महिन्यांची एक मुलगी वजनाच्या तक्त्यावर तिसऱ्या श्रेणीत उतरली होती (तेव्हा आम्ही कुपोषण श्रेणींत मोजत असू, अतितीव्र आणि मध्यम कुपोषणासाठीचे ‘सॅम’ आणि ‘मॅम’ हे शब्द नंतर आले). म्हणून सेविकेला घेऊन दुपारी त्या घरी गेले. दाराला बाहेरून कडी होती. ओट्यावर सात वर्षांची थोरली बहीण बाळाला कडेवर घेऊन उभी होती आणि चहात बुडवलेले बिस्कीट त्याच्या तोंडात घालत होती. बाळाचे लंगोट सकाळपासून बदललेले नव्हते, डोळ्यांच्या कडांना माश्या बसत होत्या. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला गेली होती. ती संध्याकाळी परतेपर्यंत मी थांबले, तिला अंगणात उभे करून बाळाची स्वच्छता, वरचा आहार आणि वजन यांवर पंधरा मिनिटे बोलले, आणि तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळत प्रत्येक वाक्याला ‘व्हय मॅडम’ म्हटले. मी वही मिटली.

त्या घराविषयी जे नंतर कळले ते मला सेविकेने सांगितले, कारण सेविका त्याच गल्लीत राहत होती आणि मी तालुक्याच्या गावाहून जीपने येत होते. ही त्या बाईची तिसरी मुलगी होती. तिची स्वतःची आई लग्नाआधीच वारली होती, त्यामुळे तिच्या तीनही बाळंतपणांत माहेर नव्हते. मुकादमाकडून त्या वर्षाची उचल दोघा नवरा-बायकोच्या नावे, म्हणजे एका ‘कोयत्या’ची, आधीच घेऊन झाली होती, ती घरातल्या एका आजारपणात संपलीही होती आणि हंगामाला अजून तीन महिने असल्याने रोज मजुरीला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाळ दोन महिन्यांचे असताना ती कामाला लागली होती. यापलीकडची एक गोष्ट तिने सेविकेला एका दुपारी आपण होऊन सांगितली होती, आणि ती मात्र मला अजून तिच्याच शब्दांत आठवते: ‘पयल्या दोघींच्या वेळी असं नव्हतं. हिच्याकडं बघावंच वाटंना मला. रडली तरी हात उठंना.’

मराठीत लेकरांच्या या अवस्थेसाठी एकापेक्षा अधिक शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक मला त्या दिवशी माहीत असूनही सुचला नाही. आबाळ सहसा कोणी करत नाही, ती होते. हेळसांडीमागे मात्र कोणीतरी बेपर्वा माणूस गृहीत धरलेला असतो. आणि सरकारी कागदावर जो शब्द बसतो, ‘दुर्लक्ष’, त्यात लक्ष देण्याची ताकद शिल्लक होती, तरी दिले नाही, असा आरोप आपोआप येतो. त्या घरात आबाळ झाली होती, यात शंका नाही. एका नऊ महिन्यांच्या मुलीला दिवसभर एका सात वर्षांच्या मुलीने सांभाळणे म्हणजे दोन मुलींची आबाळ होती, कारण त्या थोरलीची शाळा त्यासाठीच सुटली होती. पण तो दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे मी पंधरा मिनिटांत ठरवून टाकले.

‘हिच्याकडं बघावंच वाटंना’ या वाक्याचा अर्थ मला त्यानंतर काही वर्षांनी एका प्रशिक्षणात उलगडला. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तिथे आम्हाला सांगितला गेला. तिथल्या एका रुग्णालयात गरोदरपणापासून नोंदवलेल्या सुमारे २७० स्त्रियांची बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतरचे नैराश्य असल्याचे आढळले. गरिबी आणि नवऱ्याकडून होणारी मारहाण ही त्याची कारणे दिसलीच, शिवाय आधी मुलगी असताना पुन्हा मुलगी होणे आणि त्यावरून घरातून मिळणारी वागणूक हेही एक ठळक कारण निघाले. पुढच्या टप्प्यात ती मुले सहा महिन्यांची झाल्यावर त्यांची वजने घेतली गेली आणि नैराश्यात असलेल्या मातांच्या मुलांमध्ये कमी वजनाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. म्हणजे मी जिचे वजन तक्त्यावर ठिपक्याने मांडत होते, त्या मुलीच्या आजाराची सुरुवात कदाचित तिच्या आईच्या आजारात होती, आणि त्या आजारी बाईला मी समज दिली होती.

आता आपल्या जुन्या रीतींकडे या नजरेने पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. बाळंतिणीने माहेरी जावे, सव्वा महिना खोलीबाहेर पडू नये, तिला शेक-शेगडी मिळावी, डिंकाचे-अळिवाचे लाडू मिळावेत, बाळाला न्हाऊ घालायला अनुभवी बाई यावी, या साऱ्यात अंधश्रद्धेचा आणि विटाळाचा भाग पुष्कळ होता आणि तो गेला तर मला दुःख नाही. परंतु त्या व्यवस्थेचा गाभा असा होता की मूल झालेल्या बाईने काही दिवस फक्त मूल सांभाळावे आणि तिला दुसऱ्या कोणी सांभाळावे. ज्यांना माहेर आहे, माहेरी दोन खोल्या आहेत आणि भावजय समजूतदार आहे, त्यांना हे आजही मिळते. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत ज्या घरी मावशी येऊन बाळ-बाळंतिणीचे सारे करतात तिथे तेच पैशाने मिळते. उरलेल्या बायांसाठी ते कोणी करायचे हा प्रश्न राज्यकारभाराचा आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांमध्ये गावातल्याच बाईला ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले, आणि तिने घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासावे, त्याला उबदार कसे ठेवायचे आणि पाजायचे कसे ते आईला दाखवावे, धोक्याची लक्षणे ओळखावीत व उपचार करावेत अशी पद्धत बसवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले तेव्हा तिसऱ्या वर्षाअखेर तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे २०११ पासून हीच कल्पना आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर आली. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. या सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात, आणि हा आकडा मी मुद्दाम लिहीत आहे.

त्या वेळापत्रकातला बेचाळिसावा दिवस मला नेहमी थांबवतो. सव्वा महिना संपतो तेव्हाच आशाची नवजाताची भेटही संपते. म्हणजे माहेराहून सासरी परतण्याचा, कामाला लागण्याचा, रात्रीच्या जागरणाचा खरा भार सुरू होण्याचा जो काळ, नेमका त्याच वेळी घरची आणि सरकारी अशा दोन्ही मदती एकदम आटतात. २०१८ पासून लहान बालकांसाठीच्या गृहभेटी सुरू झाल्या, त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. त्यामुळे ही पोकळी पूर्वीइतकी मोठी राहिली नाही, हे कबूल केले पाहिजे. तरीही बेचाळिसाव्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत कोणी येत नाही, आणि माझ्या त्या बाईचे सारे काही याच दिवसांत बिघडले होते. शिवाय भेटीत विचारायचे प्रश्न बाळाविषयीचे असतात: वजन किती, लस झाली का, वरचे खायला काय देता. आईविषयी जे विचारले जाते तेही बहुतेक बाळाच्या सोयीचे असते, की दूध पुरेसे येते का आणि पुढचे मूल लांबवण्यासाठी काय करणार. ‘तुम्ही झोपता किती?’ हा प्रश्न मी माझ्या नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत एकाही आईला विचारला नव्हता.

आईला विचारत राहिल्याने काय होते याचा सर्वांत दीर्घ पुरावा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या लहान शहरातून आला आहे. डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे ४०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या पहिलटकरणी होत्या, अनेक जणी वयाने फार लहान, अविवाहित किंवा गरीब होत्या. त्यांतल्या एका गटाकडे प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जात राहिली. एका घरी तीच एक परिचारिका जाई, आणि ती बाळाबद्दल बोले तितकीच त्या मुलीच्या तब्येतीबद्दल, अपुऱ्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल आणि घरातल्या माणसांबद्दल बोले. मुले पंधरा वर्षांची झाल्यावर नोंदी तपासल्या, तेव्हा या मातांकडून मुलांचा छळ किंवा आबाळ झाल्याच्या सिद्ध तक्रारी दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्या होत्या. परिचारिका यायच्या थांबल्याला तेव्हा तेरा वर्षे होऊन गेली होती. आमच्या खात्यात दर तिमाहीला निकाल मागितला जातो, म्हणून मला या तेरा वर्षांचे विशेष अप्रूप वाटते.

याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती तिथे या भेटींचा मुलांच्या आबाळीवर परिणाम दिसेनासा झाला. हे मला माझ्या बीटमधूनही पटते. मार खाणाऱ्या बाईला बाळाशी कसे बोलावे, गाणे कसे म्हणावे हे शिकवायला गेले की ती ऐकते, मान डोलावते आणि त्यातले काहीही करू शकत नाही, कारण तिचे सगळे लक्ष दाराकडे लागलेले असते. अशा घरात आधी त्या बाईचे संरक्षण, मग पालकत्वाचे धडे. आणि काही घरे अशीही होती की जिथे मदत पुरेशी नव्हती, मुलाला तिथून बाहेर काढणे भाग होते आणि मी १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवले, बाल कल्याण समितीपुढे उभी राहिले. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. एकोणतीस वर्षांत अशी घरे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. आबाळीची घरे मोजायला मात्र डायऱ्या लागल्या असत्या.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे, हे मला उशिरा कळले. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५च्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातल्या मुलाचा छळ केला किंवा जाणूनबुजून आबाळ केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आधीच्या २०००च्या कायद्यात ही कैद सहा महिन्यांपर्यंत होती. पण त्याच कलमात असेही आहे की जन्मदात्यांनी त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडून दिले असेल तर ते जाणूनबुजून केले असे धरू नये. ‘जाणूनबुजून’ हा शब्द कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक घातला आहे. गावातल्या शेऱ्यात तो नसतो.

मदतीच्या योजनांची आखणी पाहिली की दुसरी विसंगती दिसते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात आणि तिसऱ्या वेळी काहीच नाही. लोकसंख्येचा हिशोब म्हणून हे समजू शकते. परंतु जिच्या घरी आधी दोन लहान मुली आहेत, जिच्या अंगात रक्त कमी आणि झोप त्याहून कमी आहे, तिच्या तिसऱ्या बाळाची आबाळ होण्याची शक्यता पहिल्या बाळापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि तिथेच हात आखडला जातो. राज्याच्या बाल संगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि ती चांगली योजना आहे, पण आई किंवा बाप गेल्यावर, दुर्धर आजार झाल्यावर, म्हणजे घर मोडल्यावर ती तिथे पोहोचते. प्रसूती लाभाचा कायदा २०१७ साली सुधारला, २६ आठवड्यांची पगारी रजा आली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली; उसाच्या फडात मात्र बाईचा मालक कोण हेच कागदावर कुठे लिहिलेले नसते, उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, दारात झोळी बांधून बाळ झोपवलेले असते.

पाळणाघराविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण समुपदेशनाचा जेवढा बोलबाला होतो तेवढा त्याचा होत नाही. आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांचे मूल येऊन बसते, खिचडी खाते, गाणी म्हणते. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र घरपोच आहाराचे पाकीट मिळते, आणि ते पाकीट भिजवून, शिजवून, गार करून, चमच्याने भरवायला जो अर्धा तास लागतो तो त्या पाकिटात नसतो. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा हा काळ सर्वांत नाजूक असतो आणि तोच आम्ही घरातल्या थोरल्या बहिणीवर सोपवून मोकळे झालो. छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेने नेमक्या याच वयाच्या मुलांसाठी गावागावांत ‘फुलवारी’ नावाची साधी पाळणाघरे चालवली. गावातल्याच बाया दिवसभर मुले सांभाळतात, त्यांना गरम ताजे खाऊ घालतात, आणि आई निर्धास्तपणे शेतावर किंवा जंगलात जाते. त्यात थोरल्या बहिणीची शाळा वाचते, हा लाभ कुठल्याही वजनाच्या तक्त्यावर दिसत नाही. माझ्या बीटमधल्या त्या गावी असे एक घर असते तर मला समज देण्याची वेळच आली नसती.

बापाविषयी मी अजून काही लिहिले नाही, आणि हे माझे एकटीचे अपयश नाही, आमच्या साऱ्या व्यवस्थेचे आहे. शेरा नेहमी ‘मातेचे दुर्लक्ष’ असा असतो; ‘पित्याचे दुर्लक्ष’ असा शेरा मी लिहिला नाही आणि कोणी लिहिलेला पाहिलाही नाही. गृहभेट दुपारी होते, पालक मेळावा दुपारी होतो, लसीकरणाचा दिवस सकाळी होतो. या तिन्ही वेळी बाप घरी नसतो आणि असला तरी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसतो. शेवटच्या काही वर्षांत मी दोन-तीन गावांत संध्याकाळी सातनंतर बैठका घेऊन पाहिल्या. पहिल्या बैठकीला चार जण आले, त्यांतले दोघे टॉवेल तोंडाशी धरून हसत होते. तिसऱ्या बैठकीत एकाने विचारले, की बाळ रात्री रडले आणि बायको उठू शकत नसेल तर बापाने नेमके काय करायचे असते. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरोखरच कोणी कधी सांगितले नव्हते.

ते कुटुंब त्या वर्षी दिवाळीनंतर फडावर गेले आणि एप्रिलमध्ये परतले. मुलगी वाचली, मात्र दीड वर्ष उलटून गेल्यावर पहिले पाऊल टाकू लागली. ती वाचली ती सेविकेमुळे. माझी समज देऊन झाल्यावर त्या सेविकेने कोणालाही न विचारता रोज दुपारी एक काम सुरू केले होते: ती अंगणवाडी बंद करून घरी जाताना त्या ओट्यावर थांबायची, बाळाला मऊ भात भरवायची आणि थोरलीला तेवढा वेळ खेळायला सोडायची. संध्याकाळी आई परतली की पुन्हा एक फेरी मारायची आणि अंगणात बसून तिच्याशी बोलायची. कशाबद्दल, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘काय नाही मॅडम, आसंच. तिला कोन बोलायला हाय?’ तिच्या त्या भेटींची नोंद कोणत्याही अहवालात गेली नाही.

गेल्या वर्षी नव्याने भरती झालेल्या सेविकांच्या एका प्रशिक्षणात बोलायला मला बोलावले होते. मी त्यांना सांगितले, की गृहभेटीत बाळाकडे वळण्याआधी आईला तीन गोष्टी विचारा: रात्री झोप किती होते, स्वतः शेवटचे कधी जेवलात, आणि मन लागते का. बारावी झालेली एक मुलगी पुढच्या रांगेत बसून भराभर लिहून घेत होती. तिने हात वर करून विचारले, की मॅडम, हे ट्रॅकरमध्ये (मोबाइलवरच्या नोंदींच्या ॲपमध्ये) कुठल्या रकान्यात भरायचे. असा रकाना नाही, असे मी तिला म्हटले. ती क्षणभर थांबली, मग तिने वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर पट्टीने तीन उभ्या रेघा आखल्या.